‘हिस्लॉप’ आडनाव कुठलं? गावच्या वाचनालयात बसून शोधायची रीत

नागपुरात ‘पोरगी हिस्लॉपला आहे’ म्हटलं की लोकांना कॉलेज कळतं, माणूस नाही. माझ्या वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एका पोरीनं सरळ विचारलं होतं, “काकू, हिस्लॉप हे नाव हाय का आडनाव?” आडनाव आहे, आणि स्मिथ-ब्राउनसारखं गल्लोगल्ली सापडणारं नाही. म्हणूनच शिकायला बरं. स्मिथचा माग काढायला बसलात तर म्हातारपण येईल. विरळ आडनाव मात्र आपल्या गावाकडे बोट दाखवतं.

स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला. १८४५ मध्ये फ्री चर्चचा (स्कॉटलंडच्या मुख्य चर्चमधून फुटून निघालेल्या पंथाचा) मिशनरी म्हणून नागपूरला आला, शाळा काढली, जिथे गेला तिथले दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी आमच्याच पट्ट्यात, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला आलेला असताना, पूर आलेला नाला घोड्यावरून ओलांडताना तो बुडाला. त्याचे कागद इथला तेव्हाचा इंग्रज मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यानं १८६६ मध्ये छापवले, आणि त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. एवढं पुस्तकांत सहज सापडतं. पुढचं, म्हणजे हे आडनाव आलं कुठून आणि पसरलं कुठे, ते शोधायची रीत सांगते. हीच रीत कामठीच्या किंवा चिखलदऱ्याच्या जुन्या कबरीवरच्या कुठल्याही इंग्रजी आडनावाला चालते.

सामान फार लागत नाही. नेट असलेला फोन, दोनशे पानी वही, आणि ब्रिटनचा जुन्या परगण्यांचा नकाशा. त्यांच्याकडे परगण्याला ‘शायर’ म्हणतात. १९७५ मध्ये स्कॉटलंडनं आपले जुने शायर मोडले, त्यामुळे आजच्या नकाशावर बोट ठेवून काही सापडत नाही. आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, अनुदान किती मिळतं ते विचारू नका. पण नकाशाची छापील प्रत भिंतीला चिकटवली आहे आणि तिच्यावर पेन्सिलीनं खुणा करते.

सगळ्यात आधी स्पेलिंगचा बंदोबस्त करा. नोंदवहीत नाव लिहिणारा चर्चचा कारकून कानाला आलं तसं लिहायचा, आपल्याकडे जुना कोतवाल ‘वानखडे’चं ‘वानखेडे’ करून टाकायचा तसंच. हिस्लॉप, हायस्लॉप, हेस्लॉप ही तिन्ही एकाच मुळाची रूपं धरतात: हेझल नावाचं झुडूप आणि डोंगरातली अरुंद दरी मिळून झालेलं जागेचं नाव, त्यावरून आडनाव. शोधताना स्वरांच्या जागी तारा टाका: एच-तारा-एस-एल-तारा-पी. बहुतेक वंशावळीच्या संकेतस्थळांवर ‘साउंडेक्स’ हा पर्यायही असतो. त्यात पहिलं अक्षर ठेवतात, स्वर गाळतात आणि उरलेल्या व्यंजनांना अंक देतात. एसला २, एलला ४, पीला १. म्हणजे तिन्ही स्पेलिंगांचा कोड एकच, एच-२४१. हा पर्याय लावला की एका फटक्यात सगळे सापडतात, पण सोबत हॅस्लॅपसारखे भलतेही येतात. ते हातानं निवडा.

पण वहीत ही रूपं एकत्र करू नका, तीन रकाने करा. नकाशावर ती वेगवेगळ्या जागी बसतात. ‘हिस्लॉप’ स्कॉटलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे बेरविकशायर, रॉक्सबरोशायर, पीबल्सशायर आणि एडिनबरोच्या आसपास. ‘हायस्लॉप’ पश्चिमेकडे, डमफ्रीसशायर आणि एअरशायरकडे. ‘हेस्लॉप’ सीमा ओलांडून इंग्लंडात, नॉर्थंबरलंड आणि डरहॅममध्ये. एकाच आडनावाच्या स्पेलिंगवरून माणूस सीमेच्या कुठल्या बाजूचा याचा पहिला अंदाज येतो. अंदाजच, पुरावा नाही.

आता मुख्य काम, पसाऱ्याचा नकाशा. त्यासाठी १८८१ ची खानेसुमारी घ्या. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री जो ज्या घरात झोपला, तो त्या घरात मोजला गेला. स्कॉटलंडच्या सरकारी अभिलेखागाराचं ‘स्कॉटलंड्सपीपल’ नावाचं संकेतस्थळ आहे. खातं काढलं की सूचीत शोधणं फुकट, मूळ पानाचं चित्र उघडायला पैसे. नकाशासाठी चित्र लागतच नाही. आडनाव टाका, एकेक परगणा निवडा, किती नावं आली तो आकडा वहीत लिहा. झालं. दुपारच्या वेळी, वाचक नसताना, निवांत होणारं काम आहे.

इथे बहुतेकांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. ज्या परगण्यात जास्त नावं, तेच मूळ गाव असं धरतात. असं नसतं. १८८१ मध्ये बेरविकशायरची सगळी लोकसंख्या साधारण ३५ हजार आणि ग्लासगो पोटात घेतलेल्या लॅनार्कशायरची ९ लाखांवर. समजा बेरविकशायरात ७० हिस्लॉप सापडले आणि लॅनार्कशायरात ४५०. बेरविकशायरात हजारी दोन पडले, लॅनार्कशायरात हजारी अर्धा. आडनाव बेरविकशायरचं, लॅनार्कला ते कोळसा आणि लोखंडाच्या मजुरीमागे गेलेलं. नाव मोजू नका, हजारी मोजा. विश्वास बसत नसेल तर आधी आपल्या तालुक्याच्या मतदारयादीवर करून पाहा. नागपूर शहरात तुमच्या आडनावाची माणसं गावापेक्षा जास्तच निघतील, म्हणून काय तुम्ही मूळचे नागपुरातल्या महाल भागातले?

हजारी काढल्यावर नकाशावर पेन्सिलीनं छटा द्या, दाट ते फिकी. हिस्लॉपचा दाटपणा सीमेच्या डोंगराळ पट्ट्यात येतो आणि डन्स त्याच पट्ट्यात आहे. मिशनरीचं जन्मगाव आणि आडनावाचं गाव एकाच कोपऱ्यात निघालं. प्रत्येक आडनावाच्या बाबतीत असं जुळत नाही.

एक खड्डा इथे आहे तो सांगून ठेवते. बेरविकशायर स्कॉटलंडात, पण बेरविक हे शहर १४८२ पासून इंग्लंडात. शहरातला जन्म स्कॉटलंडच्या सूचीत शोधत बसलात तर सापडणार नाही. इंग्लंड-वेल्सची जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली, स्कॉटलंडची १ जानेवारी १८५५ ला. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, स्कॉटलंडानं १ जानेवारी १६०० पासूनच धरलं. म्हणजे सीमेच्या एका बाजूला फेब्रुवारी १७४० आणि दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी फेब्रुवारी १७४१. बाप मुलाच्या जन्माच्या आधीच मेला असं दिसलं की घाबरू नका, आधी हे तपासा.

आडनाव पसरलं कसं, हे कळायला मात्र मूळ पानं उघडावी लागतात, थोडे पैसे जातात. १८५१ पासून पुढच्या खानेसुमाऱ्यांत जन्मगावाचा रकाना आहे. (१८४१ च्या खानेसुमारीवर भिस्त ठेवू नका, तिच्यात ‘याच परगण्यात जन्म, होय की नाही’ आणि बाहेरचा असेल तर इंग्लंड, आयर्लंड की परदेश, एवढंच विचारलंय आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली उतरवलंय. २९ वर्षांची बाई २५ ची दिसते.) एका शेतमजूर कुटुंबाच्या ओळी एकाखाली एक वाचा. थोरला पोरगा एका पॅरिशमध्ये जन्मलेला, मधली पोरगी शेजारच्या, धाकटा तिसऱ्याच. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. बाप इतका का फिरला, असं कुणालाही वाटेल.

विदर्भातल्या माणसाला ते समजावून सांगायची गरज नाही. तो सालगडी होता. आपल्याकडे गुढीपाडव्याला साल ठरतं, जुना धनी सुटतो, नवा धरला जातो. त्या सीमेच्या पट्ट्यात अशा गड्याला ‘हाईंड’ म्हणत. वसंतात मजुरांचा बाजार भरायचा, वर्षाचा करार व्हायचा आणि मे महिन्यात गाडीत बिऱ्हाड भरून कुटुंब नव्या शेतावर. करारात आणखी एक अट असे: गड्यानं सोबत शेतात राबणारी एक बाई द्यायची. ती घरातली नसेल तर त्यानंच पदरचे पैसे देऊन ठेवायची. हे वाचल्यावर मी खानेसुमारीतली ‘शेतमजूर स्त्री’ अशी नोंद असलेली, वेगळ्या आडनावाची पोरगी त्या घरात का झोपलेली दिसते, याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. धंद्याच्या रकान्यात ‘हाईंड’ हा शब्द दिसला की मुलांची जन्मगावं नकाशावर जोडत जा. आडनाव दर मे महिन्यात चार-पाच कोस कसं सरकलं ते रेघेतच दिसतं.

१८५५ च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. स्कॉटलंडात सगळ्यात जुनी १५५३ ची, पण गावोगाव सुरुवात वेगळी आणि मध्ये पानंच्या पानं गायब. दोन पोकळ्यांची कारणं ठाऊक आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, म्हणून बऱ्याच जणांनी पोरांची नावं लिहवलीच नाहीत. आणि १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं, फ्री चर्च वेगळं झालं. त्या कुटुंबांची पोरं जुन्या चर्चच्या वहीत नसतात. आपला हिस्लॉप त्याच फुटलेल्या चर्चचा. नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असा हिशेब तेव्हा धरू नका.

बायकांचा माग स्कॉटलंडात आपल्यापेक्षा सोपा. लग्नानंतरही त्यांच्या मृत्यूनोंदीत, कबरीवर माहेरचं आडनाव राहतं. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईचं माहेर कागदावरून असं पुसून जातं की तिच्या नातीला आजीचं आडनाव विचारलं तर ती आईकडे बघते. असो. तिथे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी चाल होती. कायदा नव्हे, पण एकाच गावातली दोन हिस्लॉप घरं वेगळी काढायला कामाची.

आता सगळ्यात मोठा मोह. मराठ्यांच्या इतिहासात आणखी एक हिस्लॉप आहे: सर थॉमस हिस्लॉप. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांशी लढाई झाली तेव्हा इंग्रजांचा सेनापती हाच. नंतर खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला यानंच फाशी दिलं. स्टीफनचा जन्म त्याच वर्षी सप्टेंबरातला. लगेच काका-पुतण्या जोडायला हात शिवशिवतात. थांबा. सर थॉमस त्याआधी त्रिनिदादचा गव्हर्नर होता, आणि २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात त्रिनिदादचा गोलरक्षक होता शाका हिस्लॉप. त्यालाही जोडणार का? कागद नाही तोवर आडनाव म्हणजे नातं नाही. आपल्याकडे राऊत आणि वानखडे कितीतरी जातींत सापडतात, सगळे थोडेच भाऊबंद? उलटही होतं म्हणा. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स या जनुकशास्त्रज्ञानं आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांचा वाय गुणसूत्राचा (हे बापाकडून मुलाकडे जातं) ठसा एकच निघाला, म्हणजे तिथे मूळ पुरुष एकच असावा. प्रत्येक आडनावाला वेगळं तपासावं लागतं.

भारतात मेलेल्या किंवा जन्मलेल्या इंग्रजाची नोंद शोधायची तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या वह्या आहेत. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन फळ्यांत. कामठीच्या छावणीत मद्रासची फौज असायची, म्हणून नागपूरकडच्या शिपायाचं नाव मद्रासच्या फळीतही पाहा. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट चाळता येते, आधी तिथे जा. कबरीवरचा लेख उतरवताना फोटो तिरप्या उन्हात घ्या, सकाळी किंवा साडेचारनंतर. झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. दगडावर चुना किंवा खडू घासू नका. लोक घासतात, आणि दगड जातो.

शेवटी पत्र. एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ ही संस्था १९७९ पासून आहे, आणि त्या पट्ट्यासाठी ‘बॉर्डर्स फॅमिली हिस्टरी सोसायटी’. मेल लिहिताना ‘मला हिस्लॉप घराण्याची माहिती पाठवा’ असं लिहू नका, उत्तर येत नाही. माणसाचं नाव, परगणा, पॅरिश, साल, तुम्हाला काय सापडलं आणि नेमकं काय हवं, एवढ्या सहा गोष्टी. इंग्रजी पोटापुरतं असलं तरी भागतं. शेवटी आपण कुठून लिहितोय ते जरूर टाका, टाकळघाट, जिल्हा नागपूर. त्यांच्या डन्सचा माणूस आपल्या नाल्यात बुडाला हे वाचल्यावर उत्तर लवकर येतं, आणि बऱ्याचदा विचारल्यापेक्षा जास्त येतं.