थंड प्रदेशातल्या परसबागेत पेकान कसे लावावे

पेकान हे अक्रोडासारखे कवचाचे फळ देणारे, मुळात उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले झाड. बर्फ पडणाऱ्या भागात ते लावायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘हिवाळा सोसेल का?’ योग्य जात असेल तर झाड सोसते. अडते ते उन्हाळ्यापाशी. गर भरायला लांब, उबदार उन्हाळा लागतो. तो लवकर आटोपला तर झाड हिरवेगार, वरचे कवच तयार आणि आत पोकळ, असा प्रकार होतो.

आधी दिवस मोजा, मग जात निवडा

वसंतातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीपासून शरदातल्या पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे किती दिवस मिळतात, ते पाहा. दक्षिणेकडच्या मोठ्या फळांच्या जातींना साधारण 200 पेक्षा जास्त दिवस लागतात, त्यामुळे थंड भागात त्यांचा मोह टाळलेला बरा. केंटकीतली ‘मेजर’, मिसूरीतली ‘पेरुक’ आणि इलिनॉयमधली ‘कोल्बी’ या उत्तरेकडच्या जुन्या जाती. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984 मध्ये ‘पॉनी’ आणि 1996 मध्ये ‘कान्झा’ दिली. ‘पॉनी’चे फळ मोठे असते, पण त्यावर स्कॅब ही बुरशी सहज येते. दमट हवेत मी ‘कान्झा’च निवडेन. फळ जरा लहान, पण स्कॅबला ती सहसा दाद देत नाही.

एका झाडावर भागत नाही. नर तुरे आणि मादी फुले एकाच झाडावर असली तरी त्यांची वेळ जुळत नाही. ‘पॉनी’, ‘मेजर’ आणि ‘पेरुक’ आधी पराग सोडतात. ‘कान्झा’ आणि ‘कोल्बी’ची मादी फुले आधी तयार होतात. दोन्ही गटांतले एकेक झाड हवे. पराग वाऱ्याने जातो, मधमाश्यांची वाट पाहावी लागत नाही.

खुंट विचारून घ्या

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. वरची जात काटक, पण खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात तो, दक्षिणेच्या बियांचा असला, तर एखाद्या कडक हिवाळ्यात खुंट मरतो आणि कलमही जाते. रोप घेताना खुंट उत्तरेकडच्या बियांचा आहे का, हे विचाराच. बी लावून झाड करता येते. ओल्या वाळूत 2 ते 5 अंश सेल्सिअसला साधारण तीन महिने ठेवले की बी उगवायला तयार होते. पण झाड आईसारखेच निघेल याची हमी नसते. फळासाठीही दहा-पंधरा वर्षे थांबायची तयारी हवी. कलम साधारण सहा ते दहा वर्षांत फळते.

लागवड

हिवाळा सरत आला, माती मोकळी झाली, पण कळ्या फुटल्या नाहीत, तेव्हा लावा. जागा पूर्ण उन्हाची, खोल मातीची आणि निचऱ्याची हवी. दोन झाडांत 10 ते 12 मीटर अंतर ठेवा. आज जास्त वाटेल, पण पुढे झाड घराच्या छपरावर फांद्या टाकते.

सोटमूळ सरळ मावेल एवढा खोल खड्डा घ्या. मूळ मुडपून बसवू नका, तुटका भाग तेवढा कापा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. खड्ड्यात खत नको. काढलेलीच माती परत भरा, भरपूर पाणी देऊन बसवा. शेंड्याचा तिसरा हिस्सा छाटा, कारण उपटताना बरीच मुळे गेलेली असतात.

पहिली काही वर्षे

खोडाभोवती मीटरभर गवत येऊ देऊ नका. पाणी पळवण्यात गवत तरबेज असते. आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका. पाने बारीक, चुरगळलेली आणि शेंड्याशी झुबक्यात आली, तर जस्त कमी पडते आहे. पाने फुटताना, लेबलावरच्या मात्रेने जस्ताची फवारणी करा. एकच मुख्य शेंडा वाढू द्या, अरुंद कोनात निघालेल्या फांद्या लवकर काढा. त्या पुढे वाऱ्यात फाटतात.

नत्र खत वसंतातच द्या. उशिरा दिले तर कोवळी फूट येते आणि शरदातल्या अचानक थंडीत तीच जळते. हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने तापलेली साल रात्री गोठून चिरते, म्हणून कोवळ्या खोडाला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पाणी घालून पातळ करून लावा. ससे आणि उंदीर साल कुरतडतात, त्यासाठी बुंध्याला जाळी हवी.

फळ हाती येताना

उन्हाळ्याच्या अखेरीस, गर भरण्याच्या काळात, पाणी तोडू नका. वरचे हिरवे टरफल चार फाकांत उकलले की फळ तयार. लगेच गोळा करा. खारींशी कोणी जिंकल्याचे ऐकिवात नाही. गुळगुळीत पत्र्याचा पट्टा खोडाला गुंडाळल्यास उपयोग होतो, पण तोही शेजारची फांदी जवळ नसेल तरच.

फळे सावलीत, हवेशीर जागी पसरून वाळवा. दोन आठवड्यांनी एक फोडून गर मोडून पाहा. कट्कन तुटला तर डबाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, वाकला तर अजून चार दिवस पसरू द्या.