आंघोळ घालूनही कुत्र्याला वास येतोय? आधी वास कुठून येतोय ते शोधा

आंघोळ घातली, दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी सोफ्यावर परत तोच वास, असं होत असेल तर आंघोळी वाढवून काही फरक पडणार नाही, उलट कातडी कोरडी पडून खाज वाढेल. कुत्र्याला स्वतःचा थोडा वास असतोच, पावसात भिजला की जास्त येतो आणि सुकला की जातो. पण पूर्ण सुकल्यावरही राहणारा, कुरवाळल्यावर हाताला चिकटणारा वास म्हणजे कुठेतरी बिघाड आहे आणि बहुतेक वेळा तो एखाद्या ठरावीक जागी सापडतो.

म्हणून शाम्पू बदलायच्या आधी हे करा. कुत्रा कोरडा असताना, शांत पडलेला असताना, दिवसाउजेडी त्याच्याजवळ बसा आणि खरोखर नाक जवळ नेऊन हुंगत जा. तोंड, दोन्ही कान वेगवेगळे, गळ्यात पट्ट्याखाली, काखा, पंजाच्या बोटांमध्ये, जांघा, शेवटी शेपटीखाली. पग किंवा बुलडॉग असेल तर तोंडावरच्या घड्या उघडून बघा. किळस वाटू देऊ नका, यातूनच निम्मं उत्तर मिळतं.

वासाचं मूळ सगळ्यात जास्त वेळा कानात निघतं, विशेषतः लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल असे लोंबत्या कानांचे कुत्रे. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे आंघोळीचं पाणी आणि मळ आतच राहतो. तपकिरी चिकट मळ, सारखं डोकं झटकणं, कान खाजवणं ही लक्षणं. कान लाल असेल, हात लावू देत नसेल किंवा मान एका बाजूला तिरकी धरत असेल तर घरी काहीही घालू नका, आधी व्हेटकडून कानाचा पडदा तपासून घ्या, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आत जाऊन नुकसान करतात. कान निरोगी असेल तर व्हेटने दिलेला इयर क्लीनर कानात सोडायचा, कानाच्या बुडाशी बाहेरून चोळायचं, त्याला डोकं झटकू द्यायचं आणि जेवढं बाहेर येईल तेवढंच कापसाने पुसायचं. इयरबड अजिबात नको, मळ आणखी आत ढकलला जातो.

आता कातडीचा वास, खवट, आंबूस, आंबवलेल्या पिठासारखा. पंजे, काखा, जांघा, गळा तेलकट लागतात, तो सारखे पंजे चाटतो, जुनं असेल तर तिथली कातडी जाड आणि काळपट होते. हे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची बुरशी) असतं. ते प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडं असतंच पण दमट हवेत, किंवा कातडी आधीच बिघडलेली असली की बेसुमार वाढतं, म्हणून मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात तक्रारी वाढतात. व्हेट चिकटपट्टी लावून सॅम्पल घेतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो, काही मिनिटांचं काम आहे, ते करून घ्याच, अंदाजाने औषध घालत बसू नका.

यीस्ट निघालं तर साधारणपणे २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनॅझोल असलेला शाम्पू देतात, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. बरेच जण इथेच घाई करतात. फेस केला आणि लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर राहू द्या, जिथे वास जास्त तिथून सुरुवात करा आणि तेवढा वेळ त्याला चाटू देऊ नका. मग भरपूर पाण्याने धुवा आणि मुळापर्यंत कोरडं करा. जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात वरून सुकल्यासारखं वाटतं पण आतले केस ओलेच असतात, तिथे टॉवेल आणि गार हवेचा ड्रायर लागतोच.

आपला शाम्पू, भांड्याचा साबण, पाण्यात डेटॉल, कापूर, टी ट्री ऑइल हे सगळं बंद. कुत्रा अंग चाटतो त्यामुळे अंगावर लावलेलं पोटात जातं, आणि कापूर, टी ट्री ऑइल तर त्याच्यासाठी विषारीच. सेंट मारून वास झाकला तर आजार फक्त लपतो.

यीस्ट बरं होऊन परत परत येत असेल तर मागे ॲलर्जी, पिसवा, किंवा थायरॉइड असू शकतं, ते व्हेटला स्पष्ट विचारा. खाण्याची ॲलर्जी तपासायला साधारण ८ आठवडे ठरवून दिलेलंच खाणं द्यावं लागतं, आणि त्यात आजीने प्रेमाने दिलेलं एक बिस्किटसुद्धा चालत नाही, घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

सडलेल्या मासळीसारखा वास आणि बूड जमिनीवर घासत चालणं म्हणजे अ‍ॅनल ग्लँड (गुदद्वाराजवळच्या ग्रंथी) तुंबल्यात. व्हेटकडून रिकाम्या करून घ्या, यूट्यूब बघून दाबू नका. तोंडाचा वास असेल तर दात बघा, पिवळा-तपकिरी थर आणि लाल हिरड्या दिसतील, कुत्र्याची पेस्ट वेगळी मिळते, आपली वापरू नका.

दोन गोष्टींत मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. केसांखालून कुजकट वास आणि ओलसर जखम, कारण पावसाळ्यात त्यात अळ्या पडतात आणि खूप लवकर आत शिरतात. आणि नसबंदी न झालेली मादी, माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खालून घाण वासाचा स्राव, जास्त पाणी पिणं, जेवण सोडणं, हे गर्भाशयातल्या पूचं लक्षण असू शकतं आणि त्यात जीव जातो. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, तिथे न्या.

आणि उपचार चालू असताना अंथरूण, गोधडी, जे काही तो वापरतो ते दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात दोन जोड ठेवा. नायलॉनचा पट्टा आंघोळीआधी काढा, धुवा, आणि गळा पूर्ण सुकेपर्यंत परत घालू नका.