राउटरचं खोकं फोडण्याआधी

नवा राउटर लावणं अर्ध्या तासाचं काम आहे असं फायबरवाला सांगतो, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. अर्ध्या तासात तो दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे, जिथे त्याची वायर सहज पोचली तिथे स्क्रू मारून निघून जातो. पुढची तीन वर्षं आतल्या खोलीत मीटिंग अडकते आणि घरातले सगळे मिळून कंपनीला शिव्या घालतात. त्यामुळे ही तयारी तो दारात येण्याआधीची आहे. डोळ्यांसमोर ठेवलंय ते नेहमीचं टू बीएचके, ज्याच्या एका खोलीत कुणीतरी ऑफिस थाटलंय: सीए, आर्किटेक्ट, शिकवणी, काहीही. दोन गाळ्यांच्या ऑफिसलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि जागचं न हलणारं प्रत्येक यंत्र त्यावर मांडा: टीव्ही, ऑफिसचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, असेल तर हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. शक्य असेल तिथे या स्थावर मंडळींना वायर द्यायची आणि हवा फोन-लॅपटॉपसाठी मोकळी ठेवायची. मग भिंती बघा. वाय-फायच्या नेहमीच्या दोन पट्ट्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. चार इंची विटांची आडभिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बऱ्यापैकी पार करतो. नऊ इंची भिंतीत तो दमतो. काँक्रीटच्या कॉलमसमोर जवळपास हात टेकतो. इमारत मायवान पद्धतीची असेल, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा अॅल्युमिनियमचे साचे लावून सळया-काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतील, तर एका राउटरवर सगळं घर निघेल ही आशा सोडलेलीच बरी. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांत हे सर्रास आहे, आणि विकणारा ते सांगत नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या मागे राउटर नको. मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नकोच, कारण मायक्रोवेव्ह चालतो तो २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास.

जागा ठरली असं वाटलं की भोक पाडायच्या आधी तिची परीक्षा घ्या. एका फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करा, तो फोन नेमका तिथेच, त्याच उंचीवर ठेवा, आणि दुसरा अँड्रॉइड फोन घेऊन दारं लावून घरभर फिरा. सिग्नल आकड्यात दाखवणारी फुकट अॅप्स भरपूर आहेत. उणे ६५ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या जोराचं माप) आसपास असेल तर झकास; उणे ७५ च्या खाली गेला की व्हिडिओ कॉल रडणार. फोनचा हॉटस्पॉट सहसा राउटरपेक्षा दुबळाच असतो, तेव्हा त्याचा सिग्नल जिथे पोचला तिथे राउटरचा पोचेलच. या फेरीत बहुतेकांना कळतं की योग्य जागा टीव्हीमागे नसून मधल्या पॅसेजमध्ये, दरवाज्याच्या चौकटीच्या वर आहे. तिथे प्लग नसतो. तो आत्ताच काढून घ्या, इलेक्ट्रिशियनला नंतर बोलावलं तरी तो येत नाही.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. फायबर ज्या डबीत शिरते ती ओएनटी आणि वाय-फाय देणारा राउटर एकाच जागी असलेच पाहिजेत असं नाही. कंपनीने दिलेल्या डबीत दोन्ही एकत्र असले तरीसुद्धा, ओएनटी दाराजवळ राहू द्यावी, तिथून एक लॅन केबल मध्यावर न्यावी आणि तिथे आपला राउटर लावावा. फायबर घरात फार आत ओढण्यापेक्षा हे बरं. ती काचेची तार आहे, काटकोनात दुमडली की प्रकाश गळतो, म्हणून कोपऱ्यात तिचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नये. टोकाचा हिरवा कनेक्टर कुणी बोटाने पुसू नये आणि त्याच्या टोकात डोळा लावून बघू नये. आतला लेसर दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं.

आता केबल, कारण बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. कॅट ५ई दर्जाची पुरते, शंभर मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस, देते. कॅट ६ मिळाली तर घ्या, पण शुद्ध तांब्याचीच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल निम्म्या भावात मिळते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत ठेवा. ती वाकवली की मोडते. जोडणाऱ्याला रंगांचा क्रम विचारा. तो पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असं न अडखळता म्हणाला तर माणूस कामाचा आहे. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. शंभर एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तार नीट चेपली गेली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर उतरतं, आणि तीनशेचा प्लॅन घेतलेला माणूस महिनोन्‌महिने कस्टमर केअरशी भांडत बसतो. आठ दिव्यांचा साधा टेस्टर जोडणाऱ्याकडे असतोच. तो आपल्यासमोर लावायला सांगा.

लॅन केबल विजेच्या पाइपातून नेऊ नका. फ्लॅटमध्ये टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने टाकलेला रिकामा पाइप असतो, त्यातून स्प्रिंग घालून बघा. सिमेंट भरून तो बुजलेला निघाला तर स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसी केसिंग पट्टी. दिसायला थोडी खटकते, पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त. दोन टोकं ओढायचीच आहेत तर तिसरंही ओढून ठेवा. आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा, अगदी आत्ता ‘मला लक्षात राहील’ असं वाटत असलं तरी.

विजेचं गणित वेगळं करावं लागतं. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, बाकीकडे अघोषित भारनियमन, आणि वळवाच्या पावसात तर विचारूच नका. इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे ना ते मेन स्विच पाडून तपासा; बोर्डावर ‘इन्व्हर्टर’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. नसेल तर मिनी यूपीएस घ्या, पण आधी ओएनटी आणि राउटर या दोन्ही डब्यांच्या अॅडॅप्टरवरचे आकडे टिपून घ्या. एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा असू शकतो, आणि पिन सारखीच असल्याने चुकीचा सहज बसतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट; दोन्हींच्या वॅटची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे. मग शेजाऱ्यांना विचारा की लाइट गेल्यावर त्यांचं नेट चालू राहतं का. घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता प्रकाश वाटतो, त्यामुळे सहसा चालतं. पण केबलवाल्याचा स्विच गच्चीवर असेल आणि तिथून तुमच्याकडे लॅन केबल उतरत असेल, तर त्या स्विचची वीज गेली की तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसणार. अशा गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या केबलचा दुसरा त्रास मे-जूनमध्ये कळतो: जवळ वीज कडाडली की राउटरचं नेमकं वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन जिथे लागते ते, उडतं. जिथे पर्याय असेल तिथे फायबरच मागा.

कंपनीकडून काय काय विचारून ठेवायचं? लॉगिन पीपीपीओई (राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून जोडायची पद्धत) आहे का, असेल तर युजरनेम आणि पासवर्ड. व्हीलॅन आयडी (राउटरमध्ये भरायचा लाइनचा क्रमांक) लागतो का. स्वतःचा राउटर लावायचा तर ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देण्यावर, टाकून देणार का. आणि लाइन आधीच्या राउटरच्या मॅक अॅड्रेसला (यंत्राच्या ओळखक्रमांकाला) बांधलेली आहे का. शेवटचा प्रश्न स्थानिक केबलवाल्यांना हटकून विचारा. नवा राउटर सगळं बरोबर भरूनही नेट देत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं, एका फोनवर सुटतं, पण तो फोन रविवारी संध्याकाळी लागत नाही. ही माहिती कागदावर घ्या, व्हॉट्सअॅपवर नको. नेट नसेल तेव्हाच ती लागणार आहे. ऑफिसच्या संगणकावरची टॅली बाहेरून थेट उघडायची असेल तर आणखी एक प्रश्न: पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर फक्त आपला असलेला पत्ता, मिळतो का? राउटरमध्ये वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवण्यावर) कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीचे वेगळे पैसे विचारून घ्या.

राउटरच्या खरेदीबद्दल फार लिहीत नाही. खोक्यावर वाय-फायच्या वेगाचा १२०० हा आकडा लिहिलेला असला तरी मागची पोर्टं शंभर एमबीपीएसची असू शकतात. ‘गिगाबिट’ शब्द पोर्टांसमोर आहे का ते वाचा. वाय-फाय ६ आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत) असेल तर उत्तम. अँटेना मोजू नका. दुसऱ्या टोकाला सिग्नल कमी पडणार हे हॉटस्पॉटच्या फेरीत कळलं असेल तर एका महागड्या राउटरपेक्षा दोन मध्यम राउटर वायरने जोडलेले केव्हाही सरस. जुना राउटर यासाठी चालतो: त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करायचा, त्याचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्याच रांगेतला मोकळा आकडा द्यायचा, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनमध्ये लावायची.

नाव आणि पासवर्ड खोकं उघडण्याआधी ठरवा. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राउटरला दिला तर टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, आजोबांचा फोन, सगळे आपोआप जोडले जातात आणि एक अख्खी संध्याकाळ वाचते. पण तो पासवर्ड मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ असेल तर हीच बदलायची वेळ. फोन नंबर आणि फ्लॅट नंबर हे पासवर्ड नव्हेत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं होतं. त्या घरात राहणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी पोलिस आधी त्याच्याच दारात गेले. त्यामुळे क्लायंट आणि विद्यार्थ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं, त्यातून प्रिंटर आणि डीव्हीआर दिसता कामा नये. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा ठेवायचा आणि तो खालच्या स्टिकरवर छापलेला नसावा. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन घालून जोडायची सोय) बंद.

बसवायच्या दिवशी सोय करून ठेवायची ती एवढीच: लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप किंवा त्याचं कनेक्टर, दोन छोट्या पॅच केबल, स्टूल, आणि डेटा शिल्लक असलेला एक फोन. फायबरवाला असतानाच ओएनटीला थेट केबल लावून स्पीड बघा, वाय-फायवर नव्हे. ‘लॉस’चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा विझलेला हवा आणि ओएनटीवर येणारी पॉवर किती ते त्याला विचारा, उणे २० डीबीएमच्या आसपास असली तर निवांत, उणे २७ ला टेकलेली असेल तर जोड पुन्हा करायला लावा, कारण पहिल्या पावसात ती लाइन बसणार. केबलवर पूर्ण स्पीड मिळाला आणि आतल्या खोलीत नाही, तर दोष तुमच्या घरातला आहे, त्याचा नाही. हे त्याच्यासमोरच ठरलेलं बरं.

तो गेल्यावर आधी फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग बाकीचं. टाइम झोन भारताचा करा, नाहीतर मुलांसाठी रात्री दहाला नेट बंद व्हायची वेळ भलत्याच तासाला लागते. २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांनी कमी भरलेलं घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. २०१८ मध्ये सरकारने त्या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना खुला केला. चॅनेल ५२ ते १४४ मधलं निवडलं आणि राउटर सुरू होऊनही मिनिटभर ५ चं नाव दिसलं नाही तर घाबरू नका, तो आसपास रडार आहे का ते ऐकतोय. स्मार्ट प्लग, वॉशिंग मशीन, बायोमेट्रिक यांना बहुधा फक्त २.४ कळतं, दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असताना ते जोडणीत अडले तर तेवढ्यापुरतं ५ बंद करून जोडून घ्या. प्रिंटर आणि डीव्हीआरचे पत्ते राउटरमध्ये राखीव करा. लाइट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, त्यामागे बहुधा बदललेला पत्ताच असतो.

सगळं चालू झालं की सेटिंगची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवा. बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि कंपनीने दिलेला तो कागद एका पाकिटात घालून मीटरच्या कपाटात ठेवा. जुन्या राउटरचा अॅडॅप्टर त्याच्याच अंगाला रबराने बांधून ठेवा, सुटा ड्रॉवरमध्ये टाकू नका.