शेंगाचटणीची एक बरणी हाताशी ठेवा

दिवस वाईट गेला की मला गोड नको वाटतं. मला लागते कडक भाकरी, घट्ट दही आणि शेंगाचटणी. सोलापुरात भाकरी आणि चटणी दोन्ही विकत मिळतात, पण चटणी घरी कुटलेलीच हवी, यावर मी ठाम आहे.

वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा. घाई केली तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर साली काढा. आठ-दहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. कुटता कुटता दाण्यांना तेल सुटतं, चटणी बत्त्याला चिकटायला लागते, रंग गडद होतो. तिथेच थांबा. मिक्सर सलग फिरवला तर एकतर कोरडा कूट होतो नाहीतर लगदा. खलबत्ता नसेलच तर थांबत थांबत फिरवा. बरणी आणि चमचा कोरडाच हवा.

खाताना भाकरी हाताने मोडा. तो कडाड आवाज ऐकूनच निम्मा शीण उतरतो! चटणीत मधे खळगा करून दही घाला, थोडंसंच कालवा, म्हणजे एक घास तिखट लागतो, पुढचा गार. मी ताट घेऊन उंबऱ्यात बसते आणि फोन आत ठेवते. एवढी दहा मिनिटं कुणाला देऊ नका.