मिग-२१ च्या डेकलखाली चांदी दिसत होती, अशी घालवली

१/७२ प्रमाणातलं मिग-२१ विमानाचं मॉडेल, डेकल म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं स्टिकर. पंखावरच्या राउंडेलभोवती (हवाई दलाचं गोल चिन्ह) डेकलची पारदर्शक फिल्म चकचकीत पांढरट दिसायची, म्हणजे खाली हवा अडकलेली. बोटाने दाबलं, गरम पाण्याचा बोळा ठेवला, काही नाही. दोन रविवार गेले, डोकं उठलं. चूक माझीच, खरखरीत मॅट रंगावर थेट डेकल लावलेलं.

शेवटी बारीक सुईने पांढरट भागात पाच-सहा टोचे मारले, ब्रशने त्यावर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावलं आणि हात मागे घेतला, कारण डेकल आधी मनुक्यासारखं सुरकुततं, तेव्हा अजिबात शिवायचं नाही, वाळताना आपोआप बसतं. रात्रभर ठेवलं, उरलेल्या ठिकाणी परत तेच, तिसऱ्या वेळी डेकलखालची पॅनल लाइनसुद्धा (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ) उठून दिसली. मग ओल्या कापडाने डाग पुसून ग्लॉस (चकचकीत) वार्निश, वाळल्यावर मॅट. शेपटीवरच्या फिन फ्लॅशच्या (रंगीत पट्ट्यांचं चिन्ह) जागी डेकलआधीच ग्लॉस मारला, टोचायची वेळच आली नाही.