कळसूबाई एका दिवसात : पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर म्हटलं की बरेच जण आधीच हात टेकतात. 1646 मीटर हा आकडाही दचकवणारा. पण पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर वसलंय, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई उरते ती साधारण नऊशे मीटरची. दोर लागत नाही, कातळाला लोंबकळावं लागत नाही, जिथे उभा कडा आडवा येतो तिथे लोखंडी शिड्या आहेत. रोज तासभर न थकता चालणाऱ्या माणसाला कळसूबाई नक्की जमते. फक्त दिवस आखताना शेवटचं ठिकाण बारी धरायचं. माथा हा निम्मा रस्ता.

आधीचे तीन आठवडे

इमारतीचे जिने चढा, आणि लिफ्टने खाली न येता उतराही. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं टेकलं की ओसरतो. गुडघे आणि मांड्या मात्र उतरताना हिसका दाखवतात, आणि त्यावर डोंगरात काही इलाज नसतो. आठवड्यातून चार दिवस वीस-पंचवीस मिनिटं एवढं केलंत तरी फरक पडतो. बूट नवे असतील तर याच दिवसांत पायात घालून मऊ करून घ्या. गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कधी जायचं, कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातली कळसूबाई देखणी असते हे खरं, पण ओल्या शिड्या, शेवाळलेला कातळ, दाट धुकं आणि शनिवार-रविवारी शिड्यांपाशी लागणारी रांग हे पहिल्या खेपेला नको. नवरात्रात देवीची जत्रा भरते, तेव्हा गर्दी भाविकांची असते. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं, तर माथा कितीही जवळ दिसला तरी मागे फिरा. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या, विजा चमकत असताना या दोन्हींपासून लांब असलेलं बरं.

बारी अकोले तालुक्यात, घोटी–भंडारदरा रस्त्यावर आहे. मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप, किंवा इगतपुरी-घोटीमार्गे गाडीनं थेट. नाशिककर घोटीवरूनच येतात. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. माझं ऐकाल तर आदल्या रात्री बारीतच मुक्काम करा. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते आणि पहाटेचे दोन तास हातात येतात. परतीच्या गाडीचं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

पाठपिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी. माथ्यावर पोचाल तेव्हा त्यातलं निदान एक लिटर शिल्लक हवं. दशम्या किंवा ठेपले, गूळ-शेंगदाणे, खजूर, मीठ-साखरेची पुडी. टोपी, वाऱ्यासाठी पातळ जाकीट, विजेरी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं. पायात चांगल्या पकडीचे बूट आणि अंगात पूर्ण लांबीची पँट. अत्तर किंवा सेंट लावू नका, सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. हे मी कळकळीनं सांगतोय. पहिल्या वेळी मी कापली नव्हती. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहिला आणि काळंनिळं झालेलं नख पुढे महिन्याभरानं गळून पडलं.

चढ

सहाला गाव सोडा. शेतांच्या बांधावरून वाट निघते आणि थोड्याच वेळात चढाला लागते. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. सकाळचा गारवा, नवा उत्साह, पहिली वीस मिनिटं झपाझप जातात आणि पहिल्या शिडीआधीच छाती भरून येते.

मी वेग शिकलो तो ताक विकायला वर निघालेल्या एका मावशींकडून. डोक्यावर ताकाचा हंडा, एक हात त्याला टेकवलेला, पायात साधी स्लिपर. पाऊल टाकताना अख्खा तळवा टेकवायच्या, वजन त्या पायावर पूर्ण आलं की मगच दुसरा उचलायच्या. मोठ्या दगडावर ढांग टाकण्याऐवजी बाजूच्या दोन लहान दगडांवरून वर यायच्या. मी चार वेळा त्यांना मागे टाकलं आणि चारही वेळा दम खात बसलो असताना त्या पुढे निघून गेल्या. त्या दिवसापासून मी तसाच चालतो. चालता चालता बोलता येत असेल तर वेग बरोबर, वाक्य तुटायला लागलं तर हळू करा. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागायची वाट पाहू नका.

शिड्यांवर हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, काठी पिशवीला बांधलेली. हिवाळ्यात सकाळी लोखंड गारठलेलं आणि दवानं निसरडं असतं, म्हणून कठडा धरून एकेक पायरी. वरून माणसं उतरत असतील तर खाली थांबा. शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर लागते, तिथे पोचलात की माथा आलाच समजा.

वर कळसूबाईचं इवलंसं देऊळ आहे. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली कळसू ही मुलगी, अट मोडली तेव्हा डोंगरावर निघून आली, असं इथले लोक सांगतात. पादत्राणं बाहेर काढून दर्शन घ्या, मग पाठ वाऱ्याकडे करून बसा. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले एका रांगेत, पूर्वेला औंढा आणि पट्टा, दक्षिणेला भंडारदरा धरणाचं पाणी, त्याच्यामागे रतनगड आणि लांब हरिश्चंद्रगड. नकाशा घेऊन एकेक ओळखत बसलं तर तास कसा गेला कळत नाही.

नवख्यांना वर पोचायला तीन ते चार तास लागतात. बारा वाजले आणि माथा अजून लांब असेल तर परत फिरा.

उतार

निघण्याआधी बुटांच्या नाड्या सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. गुडघे किंचित वाकवलेले, पावलं आखूड. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, सरळ खाली न जाता तिरकं, नागमोडी उतरा. करवीच्या झुडपांच्या काटक्यांना धरून तोल सावरू नका, त्या हातात येतात. उभ्या शिडीवर तोंड शिडीकडे. कोणी थकलं असेल तर त्याला सर्वांत पुढे ठेवा, बाकीच्यांनी त्याच्या वेगानं यायचं. पाय मुरगळला तर तिथेच बँडेज बांधा, गरज पडली तर 112 ला फोन करा. सगळीकडे रेंज मिळत नाही, त्यामुळे बारीत जिथे मुक्काम केलात त्या घरी, परत यायची वेळ सांगून ठेवलेली असावी.

हा सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आपल्या बाटल्या आणि वेष्टनं पिशवीत परत आणा. वाटेत सरबत, काकडी विकणाऱ्या गावकऱ्यांकडून जरूर घ्या, आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

दोनच्या सुमारास बारीत पोचाल. सकाळीच सांगून ठेवलं असेल तर चुलीवरची भाकरी आणि पिठलं तयार असतं. जेवायला बसण्याआधी बूट-मोजे काढून पाय गार पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.