रापणीच्या व्हिडिओची रंगदुरुस्ती कशी करावी

मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना ज्यांनी एकदा तरी चित्रण केले असेल, त्यांना ही अडचण ठाऊक असते. आपल्याकडे सूर्य माडांच्या मागून, म्हणजे जमिनीच्या बाजूने उगवतो. त्यामुळे दोर ओढणारी माणसे बराच वेळ निळसर सावलीत असतात आणि त्याच क्षणी पाण्यातली होडी सोनेरी उन्हात असते. जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत ऊन चांगलेच चढते. घरी येऊन हे तुकडे एकापुढे एक लावले की एकाच सकाळचे काम तीन वेगवेगळ्या दिवशी झाल्यासारखे वाटते. हे सगळे तुकडे एका सकाळचे दिसावेत इतपत दुरुस्त करणे म्हणजे कलर करेक्शन आणि त्यानंतर त्यांना एखादी खास छटा चढवणे म्हणजे कलर ग्रेडिंग. नवशिके बहुधा पहिले टाळून थेट दुसऱ्याकडे वळतात. माझ्या मते कोकणातल्या चित्रणाला दुसऱ्याची गरज फारच थोडी असते.

पुढील कृती डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत करता येते. तिच्यातून ३८४० × २१६० आकारापर्यंतचा व्हिडिओ बाहेर काढता येतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांच्या जागा बदलतात, कामाचा क्रम तोच राहतो.

संकलन आधी, रंग नंतर

सर्वप्रथम मूळ चित्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मोबाइलचे चित्रण पुष्कळदा बदलत्या फ्रेम-गतीचे असते आणि त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागेपुढे सरकतो. असे दिसल्यास हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने ते आधी स्थिर फ्रेम-गतीचे करून घ्यावे. आयफोन १२ पासूनचे बहुतेक आयफोन मूळ सेटिंगवरच एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारे, चित्रण करतात. साध्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने लावायच्या पट्टीवर, असे तुकडे भगभगीत किंवा फिकट दिसतात आणि दोष सॉफ्टवेअरचा वाटतो. पुढच्या खेपेला ती सोय आधीच बंद ठेवलेली बरी.

नंतर कापाकापी पूर्ण करावी. कोणता तुकडा राहणार आणि कोणता जाणार हे ठरण्याआधी रंगाला हात लावला, तर अर्धी मेहनत टाकून द्याव्या लागणाऱ्या तुकड्यांवर जाते.

काम शक्यतो संध्याकाळी किंवा पडदे ओढलेल्या खोलीत करावे. खिडकीतून अंगणातल्या हिरवाईचा उजेड आत येत असेल तर डोळा त्या हिरव्याला सरावतो आणि पडद्यावर त्याची भरपाई करू लागतो. मॉनिटरचा पांढरा रंग ६५०० केल्विनवर ठेवावा आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय न विसरता बंद करावी.

उजेड: वेव्हफॉर्म पाहून

डोळा फसतो, आलेख फसत नाही. वेव्हफॉर्म या आलेखात तळाला काळे आणि माथ्याला पांढरे असते, आणि चित्रातला प्रत्येक भाग किती उजळ आहे हे त्यावर थेट दिसते. लिफ्टने गडद भाग, गॅमाने मधला भाग आणि गेनने उजळ भाग हलवता येतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेमुळे आणि लेन्सवर बसलेल्या खाऱ्या तुषारांमुळे काळा रंग बहुधा राखाडी होऊन वर उचललेला असतो. लिफ्ट हळूहळू खाली आणून ओल्या दोरांच्या सावल्या तळाजवळ टेकवाव्यात. मात्र चित्रात खरोखरच धुके असेल तर इथेच थांबावे, कारण धुक्यात गडद काळे नसतेच आणि ते जबरदस्तीने आणले की पहाट नाहीशी होते.

माथ्याकडे बांगडा माशांची चकाकी आणि लाटांचा फेस पाहावा. वेव्हफॉर्मच्या छताला चिकटून सपाट झालेला भाग म्हणजे हरवलेला तपशील. गेन कमी केल्याने तो फक्त मळकट होतो, परत येत नाही. म्हणून चित्रण करतानाच किंचित अंधारे ठेवावे. यालाही मर्यादा आहे: आठ-बिट चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा-बिट चित्रणात १०२४. आठ-बिट क्लिप फार उजळवली की आकाशात पट्टे उमटतात.

पांढऱ्याचा शोध

आता परेड उघडावी. यात लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही वाहिन्या शेजारी शेजारी दिसतात. चित्रात जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्या जागी तिन्हींची उंची सारखी यायला हवी. रापणीच्या जागी अशी वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे मासे भरायची थर्माकोलची पेटी. फेस हा मात्र भरवशाचा पांढरा मानू नये, कारण तो सावलीत निळा आणि कोवळ्या उन्हात सोनेरी असतो. सावलीतल्या क्लिपमध्ये निळी वाहिनी वर असेल, तेव्हा टेंपरेचर (निळे-पिवळे संतुलन) थोडे उबदार बाजूला न्यावे, आणि चेहऱ्यांवर हिरवट झाक राहिली असल्यास टिंट (हिरवे-जांभळे संतुलन) किंचित जांभळ्याकडे सरकवावी. तिन्ही वाहिन्या अगदी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट धरू नये. सकाळच्या उन्हात लाल वाहिनी जराशी वर राहिली तर ती चूक नसून वेळ असते.

चेहरा आधी, समुद्र मागाहून

व्हेक्टरस्कोप या गोल आलेखात लाल आणि पिवळा यांच्या मधून, साधारण घड्याळाच्या अकराच्या दिशेने, त्वचेची रेषा जाते. माणूस गोरा असो वा सावळा, नीट दुरुस्त केलेल्या चित्रात त्याच्या त्वचेचे ठिपके या रेषेच्या आसपासच पडतात. फरक असतो तो उजळपणात. म्हणून एक चांगला मध्यम शॉट निवडून त्यातला चेहरा आधी बसवावा, त्याचे स्टिल, म्हणजे स्थिर चित्र, साठवावे आणि प्रत्येक पुढचा शॉट वाइपने, म्हणजे पडदा दोन भागांत विभागून, त्या स्टिलच्या शेजारी ठेवून जुळवावा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जाऊ द्यावा.

मी सुरुवातीला याच्या उलट करत असे. आधी समुद्र निळाशार करायचो, मग माणसे कशीबशी सावरायचो. एका रापणकराला असा व्हिडिओ दाखवला तेव्हा तो सहज म्हणाला, “हो दर्या आमचो न्हय.” (हा समुद्र आमचा नाही.) पाण्याची निळाई मी कुठल्या तरी दूरच्या बेटाची करून ठेवली होती.

एकेका रंगावर काम

सगळे शॉट जुळल्यावरच एखादा सुटा रंग हाती घ्यावा. पावसाळ्यातल्या हिरव्या रंगाला बहुतेक मोबाइल स्वतःच भडक करतात, तेव्हा त्यात भर घालण्याऐवजी ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन या, एकेका रंगाचा गडदपणा कमीजास्त करणाऱ्या, वक्रावर केवळ हिरव्याचा बिंदू थोडा खाली ओढावा. भाताच्या रोपांचा पोपटी आणि माडाच्या झावळ्यांचा गडद हिरवा यांतला फरक दिसेनासा झाला, तर खरी हिरवाई गेलीच म्हणून समजावे.

जांभ्याच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. जांभ्याची भिंत, लाल माती आणि माणसाची त्वचा हे तिन्ही रंगचक्रावर जवळजवळ असतात. त्यामुळे क्वालिफायरने, म्हणजे रंगावरून भाग निवडणाऱ्या साधनाने, त्वचा निवडायला गेले की पाठीमागची भिंतही निवडली जाते आणि चेहरा उजळवताना दगडही उजळतो. अशा वेळी चेहऱ्याभोवती गोलाकार पॉवर विंडो, म्हणजे दुरुस्ती तेवढ्याच भागापुरती ठेवणारी चौकट, काढावी, तिच्या कडा मऊ कराव्यात आणि ट्रॅकरने ती चेहऱ्याच्या हालचालीला बांधावी.

रात्रीच्या दशावताराचे चित्रण दुरुस्त करण्याची खटपट यापेक्षा मोठी असते, कारण तिथे ट्यूबलाइट, एलईडी आणि हॅलोजन असे निरनिराळे उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले तर चित्रावर सरकणाऱ्या पट्ट्या बहुधा टळतात. त्या एकदा चित्रणात उतरल्या की नंतर काढणे अतिशय कठीण जाते.

बाहेर काढताना

टाइमलाइनचे रंगक्षेत्र रेक. ७०९ (साध्या एचडी व्हिडिओचे रंगांचे प्रमाण) ठेवून एच.२६४ या व्हिडिओ-प्रकारात निर्यात करावी. यूट्यूबसाठी १०८० पी आणि सेकंदाला २४ ते ३० फ्रेम असल्यास यूट्यूबची शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. लाटांचे बारीक तुषार आणि जाळ्याची वीण हलताना चौकोनी ठोकळे पडत असतील तर याच्या दुप्पट दर ठेवायला हरकत नाही. तयार फाइल प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन वेगळ्या मोबाइलवर पाहावी, त्यांतला एक स्वस्तातला असावा, आणि एकदा भर उन्हात अंगणात उभे राहूनही पाहावी. तिथे सावलीतले रापणकर नुसतेच काळे दिसत असतील, तर गॅमा किंचित वर नेऊन पुन्हा निर्यात करावी.